काचेतून धावणारा प्रकाश: फायबर इंटरनेटबद्दल मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खांबावरून काळी तार घरात आली, डब्यावर हिरवा दिवा लागला, की फायबर कसं चालतं हे कुणी विचारत नाही. दिवा लाल झाला की प्रश्न सुरू होतात. या पानावर आधी प्रकाश काचेतून कसा जातो ते सांगितलं आहे आणि मग तो कुठे, का अडतो ते. घरचे ग्राहक, गावोगावचे केबलचालक आणि ग्रामपंचायतीत डबा सांभाळणारे, तिघांनाही उपयोग व्हावा असा प्रयत्न आहे.

तार वाकवली तरी प्रकाश बाहेर का पडत नाही?

विहिरीत पोहणाऱ्यांनी याचं उत्तर डोळ्यांनी पाहिलेलं असतं. बुडी मारून वर बघितलं की डोक्यावर आकाशाचा एक गोल दिसतो. त्या गोलाबाहेर पाण्याची पाठ आरशासारखी चमकते आणि तिच्यात विहिरीच्या बुडालेल्या पायऱ्या दिसतात. पाण्यातून हवेकडे निघालेला प्रकाश उभ्या रेषेपासून सुमारे ४८.६ अंशांपेक्षा जास्त तिरका असेल तर तो बाहेर पडतच नाही, सगळाच्या सगळा परत फिरतो. शाळेच्या पुस्तकातलं पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच.

फायबरमध्ये पाणी आणि हवेच्या जागी दोन प्रकारची काच असते. मधला गाभा साधारण ९ मायक्रॉनचा. त्याभोवतीची काच, म्हणजे क्लॅडिंग, धरून जाडी १२५ मायक्रॉन. अशा आठ तारा शेजारी शेजारी ठेवल्या तर एक मिलिमीटर भरतो. वरून प्लास्टिकचा लेप दिला की २५० मायक्रॉन. गाभ्यात थोडं जर्मेनियम डायऑक्साइड मिसळून त्याचा अपवर्तनांक क्लॅडिंगपेक्षा किंचित वाढवलेला असतो. हा फरक टक्क्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढाच असतो, म्हणून फक्त अगदी सरळ, अक्षापासून चारपाच अंशांच्या आत चाललेला प्रकाशच आत टिकतो.

प्रकाश भिंतीवर आपटत नागमोडी जातो असं चित्र सगळीकडे काढतात. समजायला ते बरं आहे, पण ९ मायक्रॉनच्या गाभ्यात ते पुरतं खरं नाही. इतक्या अरुंद जागेत प्रकाश एकाच ठरावीक आकाराची लाट होऊन पुढे सरकतो, म्हणून या फायबरला सिंगल मोड म्हणतात. त्या लाटेची थोडी कड क्लॅडिंगमध्येही पसरलेली असते. तार फार वाकवली की ही बाहेरची कड निसटते, आणि घरातले निम्मे घोटाळे तिथून होतात.

इतक्या दूर प्रकाश टिकतो कसा?

काच अतिशय शुद्ध असते म्हणून. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिलं की काचेत प्रकाश विझतो तो मुख्यतः तिच्यातल्या अशुद्धीमुळे. घट किलोमीटरला २० डीबीपर्यंत (डीबी हे घटीचं माप, पुढे समजावलं आहे) खाली आणता आली तर काचेतून दूरसंचार शक्य आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९७० मध्ये अमेरिकेत कॉर्निंगच्या संशोधकांनी १७ डीबीची तार ओढून दाखवली. काओंना २००९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्या २० डीबीच्या काचेत एका किलोमीटरनंतर १ टक्का प्रकाश उरला असता. आजच्या साध्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची घट किलोमीटरला ०.२ डीबीच्या आसपास आहे. म्हणजे तोच १ टक्का आता शंभर किलोमीटरनंतर उरतो.

डेटा प्रकाशावर चढतो कसा?

लेझरची तीव्रता कमी-जास्त करून. तेज म्हणजे १, मंद म्हणजे ०. शून्याला लेझर पूर्ण विझवत नाहीत, कारण विझलेला लेझर पुन्हा पेटायला वेळ घेतो. घरोघरी पोहोचलेल्या जीपॉन तंत्रात एक्स्चेंजकडून घराकडे सेकंदाला सुमारे २४८.८ कोटी बिट येतात. एका बिटला मिळतो ०.४ नॅनोसेकंद. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर, म्हणजे एक बिट तारेत साधारण ८ सेंटीमीटर जागा व्यापतो. तुमचं घर एक्स्चेंजपासून पाच किलोमीटरवर असेल तर कुठल्याही क्षणी ६० हजारांवर बिट त्या तारेत वाटेवर असतात.

घरच्या डब्यात (त्याला ओएनटी म्हणतात) फोटोडायोड असतो. त्यावर प्रकाश पडला की अतिशय क्षीण वीजप्रवाह निघतो. तो वाढवून, प्रत्येक बिटच्या मधोमध मोजून शून्य की एक हे ठरवलं जातं. लागोपाठ खूप शून्यं आली तर घड्याळ चुकेल, म्हणून पाठवण्याआधी बिट ठरावीक रीतीने घुसळतात आणि इकडे पुन्हा सरळ करतात.

त्या तारेच्या टोकाला डोळा लावून प्रकाश येतो का बघितलं तर?

कधीही बघू नका. हा प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. लाईनमन ज्या पेनातून लाल प्रकाश सोडतो ती फक्त तपासणीची टॉर्च, ६५० नॅनोमीटरची. तिच्याकडेही थेट पाहू नये.

एकाच तारेतून ये आणि जा दोन्ही कसं चालतं? आणि एका तारेवर ३२ घरं कशी?

दोन्ही दिशांना रंग वेगळे असतात. घराकडे येणारा डेटा १४९० नॅनोमीटरवर, घरातून जाणारा १३१० वर. केबल टीव्हीही त्याच तारेवर असेल तर तो १५५० वर. डब्यातला एक छोटा फिल्टर हे रंग वेगळे करतो.

एक्स्चेंजमधल्या यंत्राला ओएलटी म्हणतात. त्याच्या एका पोर्टमधून निघालेली तार वाटेत स्प्लिटरमध्ये जाते. स्प्लिटरला वीज लागत नाही. काचेतच प्रकाशाची वाटणी होते, एकाचे आठ, बत्तीस किंवा चौसष्ट भाग. खालच्या दिशेने प्रत्येक घरी सगळ्यांचा डेटा येतो, पण तुमचा डबा फक्त तुमचाच उचलतो. शेजारी तुमचा डेटा वाचू शकतो का, हा प्रश्न इथे हमखास येतो. त्यासाठी जीपॉनमध्ये एईएस-१२८ कुलूपबंदीची सोय आहे आणि ती ओएलटीवर चालू ठेवायची असते. केबलचालकांनी ती चालू आहे ना हे तपासावं.

वरच्या दिशेने बोलायची पाळी ओएलटी ठरवून देतो. प्रत्येक घराचं अंतर मोजून, तुझा प्रकाश अमुक क्षणी सोड असं तो सांगतो, म्हणजे दोन घरांचे प्रकाश एकमेकांवर आदळत नाहीत. एखादा डबा बिघडून पाळी नसतानाही प्रकाश सोडत राहिला तर त्या पोर्टवरची सगळी घरं अडखळतात. लाईन तपासून तपासून थकतात आणि दोष निघतो एका घरच्या डब्यात. अशा वेळी स्प्लिटरवरून एकेक घर सोडवत जाणं हाच खात्रीचा मार्ग. ज्या घराची तार काढताच बाकीची सुरळीत होतात, तो डबा बदला.

२.४८८ जीबीपीएस ३२ घरांत एकाच क्षणी वाटले तर प्रत्येकी ७५ एमबीपीएसच्या आसपास येतात. प्रत्यक्षात सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत, म्हणून १०० चा प्लॅनही बहुतेक वेळ पूर्ण मिळतो.

डीबी आणि डीबीएम म्हणजे काय? लाईनमन "मायनस वीस आहे" म्हणतो ते कशाचं?

हा प्रश्न कळला की फायबरचं निम्मं काम कळलं.

डीबीएम म्हणजे किती प्रकाश आहे त्याचं माप. एक मिलिवॉट म्हणजे ० डीबीएम. प्रकाश निम्मा झाला की ३ कमी होतात, दहावा हिस्सा उरला की १० कमी. मायनस २० म्हणजे मिलिवॉटचा शंभरावा भाग. मायनस २७ म्हणजे फक्त २ मायक्रोवॉट. नुसतं डीबी म्हणजे वाटेत किती गेलं ते. यात गुणाकार नाही, साधी वजाबाकी आहे, म्हणून हिशेब खांबाखाली उभं राहूनही होतो.

एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावात ओएलटी आहे, त्यातून +४ डीबीएम प्रकाश निघतो. घर सहा किलोमीटरवर. १४९० वर किलोमीटरला ०.२५ धरले तर तारेत १.५ डीबी गेले. वेशीवर एकाचे चार करणारा स्प्लिटर, त्यात ७.२. गल्लीत एकाचे आठ करणारा, त्यात १०.५. वाटेत आठ जोड, प्रत्येकी ०.०५, मिळून ०.४. चार कनेक्टर, प्रत्येकी ०.४, मिळून १.६. एकूण २१.२ डीबी. चारातून ते वजा केले की घरी मायनस १७.२ यायला हवा.

आता मीटरवर मायनस २३ दिसत असेल तर जवळजवळ ६ डीबी कुठेतरी गळताहेत, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाचा तीन चतुर्थांश भाग. तरीही नेट चालू असतं, आणि म्हणूनच कुणी लक्ष देत नाही. पुढे पावसात एखाद्या जोडात पाणी शिरलं की तीच लाईन बंद पडते आणि दोष पावसाला दिला जातो. जोडणी दिली त्या दिवशीचा आकडा डब्याच्या मागे मार्करने लिहून ठेवा. पुढे तोच उपयोगी पडतो.

घरी किती डीबीएम असलं पाहिजे?

सर्वसाधारण बी प्लस वर्गाच्या जीपॉनला मायनस ८ ते मायनस २७ ही हद्द आहे. मायनस १५ ते मायनस २३ असेल तर निर्धास्त राहा. मायनस २५ च्या खाली गेलं की आज चालेल, उद्याचा भरवसा नाही. मायनस ८ पेक्षा जास्त प्रकाशही वाईट, फोटोडायोड दिपतो आणि चुका वाढतात. ओएलटीजवळच स्प्लिटरशिवाय जोडणी दिली तर असं होतं. तिथे प्रकाश कमी करणारा अटेन्युएटर लावावा.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. घरी मीटर लावून फक्त येणारा प्रकाश मोजला जातो. जाणाऱ्या १३१० चा आकडा ओएलटीवरच दिसतो. घरी मायनस १८ आणि तरी नेट तुटत असेल, तर तिकडचा आकडा विचारा.

डब्यावर लाल दिवा लागला. काय करायचं?

एलओएस लिहिलेला दिवा लाल म्हणजे प्रकाशच येत नाही, किंवा वाचता येणार नाही इतका कमी येतो. लाल नसेल पण पॉन लिहिलेला हिरवा दिवा लुकलुकत राहत असेल, तर प्रकाश येतोय, नोंदणी होत नाही. दोन्ही तक्रारी वेगळ्या आहेत. कॉल करताना नेमकं काय दिसतं ते सांगा.

आधी शेजाऱ्याकडे विचारा. त्याचंही बंद असेल तर दोष बाहेर आहे, तुमच्या डब्याला हात लावून काही होणार नाही. फक्त तुमचंच बंद असेल तर भिंतीपासून डब्यापर्यंतची बारीक तार नजरेने तपासा. कपाट सरकवताना चेपली का, खिळ्याला अडकवून घडी पडली का, झाडू मारताना ओढली गेली का? हिरवा कनेक्टर टक आवाज येईपर्यंत बसलाय का? ही तार हाताच्या मुठीएवढ्या गोलापेक्षा लहान गुंडाळू नये. वाकवायला सोपी म्हणून मिळणारी जी.६५७ए२ तार साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वाकते, पण जुनी जी.६५२ तार ३० मिलिमीटरच्या आत गेली की प्रकाश सांडू लागतो. बाहेरून पाहून दोन्हींतला फरक कळत नाही.

कनेक्टर काढून सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. बोटाचं तेल आणि कापडाचा तंतू त्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यावर बसला की खांबावरून आलेला प्रकाश घराच्या दारात अडतो. त्यासाठी कनेक्टर पुसायचं क्लिकर पेन किंवा धागे न सोडणारा टिश्यू आणि शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं.

हिरव्या आणि निळ्या कनेक्टरमध्ये फरक फक्त रंगाचा आहे का?

नाही. निळ्याचं टोक जवळजवळ सपाट घासलेलं असतं, हिरव्याचं ८ अंश तिरकं. तिरकेपणामुळे टोकावरून परतणारा प्रकाश गाभ्याबाहेर जातो आणि लेझरला त्रास देत नाही. हिरवा निळ्याला जोडला की दोन टोकं नीट टेकत नाहीत, मध्ये फट राहते, काही डीबी जातात आणि टोकं खराबही होतात. "बसतंय की" म्हणून जोडणारे बरेच असतात, कारण ते बसतं खरं. हिरवा हिरव्यालाच जोडायचा.

जोड देताना नेमकं काय करतात? कुणाचा जोड महिन्यात निकामी होतो तर कुणाचा वर्षानुवर्षं टिकतो, असं का?

स्प्लाइसिंग म्हणजे दोन काचांची टोकं विजेच्या ठिणगीने वितळवून एक करणं. मशीन महाग असली तरी जोडाचं नशीब ठिणगी पडण्याआधीच्या दोन मिनिटांत ठरतं.

सगळ्यात आधी संरक्षक स्लीव्ह तारेत ओवायची. ती विसरली की जोड झाल्यावर पुन्हा तोडावं लागतं. मग स्ट्रिपरने तीन-चार सेंटीमीटर लेप काढायचा, एका दमात, न खेचता. उघडी काच ९९ टक्के अल्कोहोलने पुसायची. काच स्वच्छ झाली की टिश्यूखाली बारीक करकर ऐकू येते. मेडिकलमधलं हाताचं सॅनिटायझर चालत नाही, त्यातलं पाणी आणि चिकटपणा काचेवर राहतो. मग क्लीव्हर. त्याचं पातं काच कापत नाही, फक्त ओरखडा काढतं आणि काच तिथे तडकते. टोक काटकोनात यायला हवं, एक अंशाच्या आत. क्लीव्ह झाल्यावर टोकाला काहीही लावायचं नाही, पुसायचंही नाही. तुटलेले तुकडे लगेच झाकणाच्या बाटलीत. ते कातडीत शिरले तर दिसतही नाहीत आणि निघतही नाहीत.

मशीनच्या पडद्यावर दोन्ही टोकं मोठी होऊन दिसतात. एखादं टोक तुटक्या दातासारखं असेल किंवा धुळीचा कण चिकटलेला असेल तर पुढे जायचं नाही, पुन्हा क्लीव्ह करायचं. ठिणगी पडली की मशीन ०.०१, ०.०२ असा आकडा देते. तो चित्रावरून बांधलेला अंदाज आहे, मोजमाप नव्हे. खरा लॉस, म्हणजे घट, ओटीडीआरने (तारेत प्रकाश सोडून परतलेला उजेड मोजणारं यंत्र), तोही दोन्ही बाजूंनी मोजून सरासरी घेतल्यावर कळतो. दोन तारांचे गाभे थोडे वेगळे असले तर एका बाजूने जोडावर प्रकाश वाढल्यासारखाही दिसतो. त्याला भुलू नये.

जोडात बुडबुडा दिसला तर टोक मळलेलं होतं. जोड फुगला किंवा बारीक झाला तर ठिणगीची ताकद चुकली किंवा इलेक्ट्रोड झिजले. आर्क कॅलिब्रेशन करा, त्यानेही सुधारलं नाही तर इलेक्ट्रोड बदला. एप्रिल-मेमध्ये धूळभरल्या वाऱ्यात रस्त्याच्या कडेला उघड्यावर जोड देणं म्हणजे काम दोनदा करणं. गाडीत किंवा चारही बाजूंनी ताडपत्री लावून बसा.

शेवटी स्लीव्ह तापवून, थंड होऊ देऊन ट्रेमध्ये बसवायची. इथेच घाई होते. ट्रेमध्ये तारा कोंबल्या की जोड उत्तम असूनही वळणावर प्रकाश जातो. जॉइंट बॉक्सचं रबर नीट बसलं नाही तर पाणी शिरतं, आणि ताणलेल्या काचेतल्या सूक्ष्म चिरा पाण्यामुळे वाढत जातात. महिन्यात निकामी होणारे जोड बहुधा असे असतात.

रंगांचा क्रम पाठ हवा: निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. संध्याकाळच्या उजेडात राखाडी आणि पांढरा, गुलाबी आणि लाल यांत गफलत होते, म्हणून डोक्याला बांधायचा पांढरा दिवा जवळ ठेवा.

आमच्याकडे केबल इतक्यांदा का तुटते?

जमिनीखालची केबल तोडण्यात पहिला नंबर जेसीबीचा. रस्ता रुंदीकरण, नळ योजनेची पाइपलाइन, शेतकऱ्याने विहिरीपासून शेतापर्यंत काढलेली चारी, शेततळं. केबलची डक्ट, म्हणजे नळी, १६५ सेंटीमीटर खोल असावी असा दंडक आहे, आणि तेवढी खोल असेल तर तीन फुटांची चारी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. पण बालाघाटच्या बाजूला किंवा अजिंठ्याच्या डोंगररांगांत दीड-दोन फुटांवर कातळ लागतो. तिथे कमी खोली चालते, पण मग लोखंडी किंवा दुपदरी पाइप आणि वरून काँक्रीट हवं. ते टाळलं की पुढची दहा वर्षं कट मोजत बसावं लागतं.

काळ्या मातीचा त्रास वेगळा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला खोल भेगा पडतात. उथळ टाकलेली डक्ट या हालचालीत वरखाली होते, तिचे जोड निसटतात, चेंबर कलतो आणि आतल्या लूपला घडी पडते. तार तुटत नाही, लॉस मात्र हळूहळू वाढतो. असा दोष ओळखायची एक सोपी खूण आहे: १३१० आणि १५५० दोन्हींवर मोजा. १५५० वर घट बरीच जास्त आणि १३१० वर कमी असेल तर तार कुठेतरी वाकली आहे. लांब तरंगलांबीची लाट गाभ्याबाहेर जास्त पसरलेली असते, म्हणून वळणावर तीच आधी सांडते. दोन्हींवर सारखी घट असेल तर जोड किंवा कनेक्टर बघा.

घुशी आणि उंदीर केबल कुरतडतात. दात झिजवायला त्यांना काहीतरी टणक लागतं. उघड्या बांधावरून जाताना पोलादी पट्टीची आर्मर्ड केबलच वापरावी. हवेतल्या केबलला खारी आणि वानरं. लातूर, धाराशिव, परभणीच्या ऊसपट्ट्यात आणखी एक धोका: तोडणी झाल्यावर पाचट पेटवतात आणि बांधावरच्या खांबावरची केबल वितळते. वरचं काळं एचडीपीई साधारण १३० अंशांवर वितळतं. आतली काच टिकते, पण लेप जळाल्यामुळे ठिसूळ होते आणि आठ दिवसांनी वाऱ्याने तुटते. जळालेला तुकडा चालू दिसला तरी बदलूनच टाका.

खोदणाऱ्यांसाठी दूरसंचार विभागाचं कॉल बिफोर यू डिग हे ॲप मार्च २०२३ पासून आहे. जेसीबी लावण्याआधी त्यावर कळवलं की त्या भागातल्या केबलच्या मालकाला सूचना जाते. ग्रामपंचायतीने गावातल्या जेसीबीवाल्यांना हे सांगितलं तरी बरेच कट वाचतील.

कट नेमका कुठे झाला हे कसं कळतं?

ओटीडीआर तारेत प्रकाशाचा एक छोटा ठोका सोडतो आणि काचेच्या कणाकणावरून मागे फिरलेला अतिक्षीण उजेड मोजत बसतो. एक किलोमीटर जाऊन यायला सुमारे १० मायक्रोसेकंद लागतात, म्हणून वेळेवरून अंतर निघतं.

आकडा बरोबर असूनही खड्डा चुकीच्या जागी खणला जातो, त्याची दोन कारणं. एक, मशीनमध्ये अपवर्तनांक चुकीचा भरलेला असतो. १.४६८ ऐवजी १.४६० ठेवला तर वीस किलोमीटरला शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. दोन, ओटीडीआर काचेची लांबी सांगतो, रस्त्याची नाही. नळीच्या आत काच थोडी सैल, वळसे घेत असते आणि प्रत्येक चेंबरमध्ये दहावीस मीटरचं वेटोळं ठेवलेलं असतं. ४,१८० मीटर दाखवलं तर रस्त्यावर ते चार हजाराच्या आसपासही असू शकतं.

म्हणून प्रत्येक जोडावर केबलच्या अंगावर छापलेला मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवा. शेवटचा दिसणारा जोड ओटीडीआरवर ओळखायचा, तिथून कटपर्यंतचं अंतर काढायचं आणि छापील आकड्याशी ताडून पाहायचं. चार किलोमीटरभर साठलेली चूक शेवटच्या चारशे मीटरपुरतीच उरते, मग जेसीबीच्या ताज्या मातीचा ढीग आपोआप दिसतो.

वीज पडली की डबे जळतात. काच तर वीज वाहत नाही ना?

काच वाहत नाही, पण खांबावरून येणाऱ्या ड्रॉप वायरमध्ये आधारासाठी पोलादी तार असते. ती भिंतीच्या बाहेरच क्लॅम्पला संपवावी, घरात आणू नये. बहुतेक डबे मात्र अडॅप्टरमधून किंवा बाहेरच्या कॅमेऱ्याला गेलेल्या लॅन वायरमधून जळतात. वळवाचं आभाळ भरून आलं की दोन्ही काढून ठेवा. फायबरचा कनेक्टर काढायची गरज नाही.

छत्रपती संभाजीनगरहून मुंबईला डेटा जायला किती वेळ लागतो? इतका डेटा एका तारेत मावतो कसा?

काचेत किलोमीटरला ४.९ मायक्रोसेकंद. वाट साडेतीनशे किलोमीटर धरली तर जायला १.७ मिलिसेकंद, जाऊन यायला ३.४. पिंग ४० दाखवत असेल तर उरलेला वेळ काचेने खाल्लेला नाही. तो राउटर, वायफाय, रांग आणि सर्व्हर दूर असणं यात गेला आहे.

मोठ्या शहरांमधल्या तारेत एकाच वेळी अनेक रंग सोडतात. १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात ५० गिगाहर्ट्झच्या अंतराने ऐंशीच्या वर रंग बसतात, प्रत्येकावर १०० जीबीपीएस किंवा अधिक. साधारण ८० किलोमीटरला प्रकाशाचा चाळिसावा हिस्सा उरतो. तिथे एर्बियम मिसळलेल्या फायबरचा ॲम्प्लिफायर लावतात. ९८० नॅनोमीटरच्या पंप लेझरने एर्बियमला ऊर्जा दिली की ते सगळ्या रंगांना एकदम वाढवतं, प्रकाशाचं विजेत रूपांतर न करता.

दुसरी अडचण प्रकाशाचा ठोका वाटेत पसरण्याची. १५५० च्या आसपास किलोमीटरला, एक नॅनोमीटर रंगरुंदीमागे १७ पिकोसेकंद. १० जीबीपीएसचा ठोका १०० पिकोसेकंदांचा असतो, तो ८० किलोमीटरनंतर शेजारच्या ठोक्यात मिसळू लागतो. आधी यासाठी उलट पसरवणाऱ्या फायबरचे ड्रम लावत. आता प्रकाशलहरीची कलाही (फेज) मोजणारे कोहेरंट रिसीव्हर हे गणिताने सरळ करतात.

फायबर असून मोबाइलवर वेग का मिळत नाही?

नव्वद टक्के वेळा कारण वायफाय असतं. डब्याला लॅन वायरने लॅपटॉप जोडून मोजा. तिथे पूर्ण वेग मिळाला तर फायबरला दोष देऊ नका. माळवदाच्या घराच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि पत्र्याचं छत वायफायला फार जड जातात, विशेषतः ५ गिगाहर्ट्झला. डबा लोखंडी कपाटामागे न ठेवता मधल्या खोलीत उंचावर ठेवा, किंवा दुसऱ्या खोलीत लॅन वायर नेऊन दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा. लोडशेडिंगसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस पुरतो, पण अडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलं आहे ते पाहून घ्या.

ही काच बनते कुठे?

आपल्याकडेच. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि शेंद्रा एमआयडीसीत ऑप्टिकल फायबर आणि त्यासाठी लागणारा काचेचा जाड दांडा, म्हणजे प्रीफॉर्म, दोन्ही बनतात. सिलिकॉन टेट्राक्लोराइडच्या वाफेतून काचेची काजळी थरावर थर बसवून दांडा तयार होतो. तो उंच मनोऱ्याच्या माथ्यावर २,००० अंशांच्या भट्टीत धरला की टोकातून तार ओघळते. ती खाली खेचताना जाडी सतत मोजली जाते, वाटेतच लेप चढतो आणि तार ड्रमवर गुंडाळली जाते. दांड्यात गाभा आणि क्लॅडिंगचं जे प्रमाण असेल तेच तारेत उतरतं. शेवटी ठरावीक ताण देऊन प्रत्येक मीटर तपासतात. कमकुवत तुकडा असेल तर तो तिथेच तुटतो, खांबावर नाही.

उद्या १० जीबीपीएस आलं तर गावातली केबल बदलावी लागेल का?

नाही. एक्सजीएस-पॉन हे १० जीबीपीएसचं तंत्र खाली १५७७ आणि वर १२७० नॅनोमीटर वापरतं, जीपॉनचे रंग वेगळे आहेत, त्यामुळे दोन्ही एकाच तारेत एकत्र चालतात. ओएलटीचं कार्ड आणि घरचा डबा बदलतो, काच तीच राहते. मात्र १५७७ ही तरंगलांबी १४९० पेक्षा लांब आहे, वळणावर जास्त सांडते. जीपॉनवर कसंबसं मायनस २५ ला चालणारं घर नव्या तंत्रावर सुरूच होणार नाही असं घडू शकतं. ट्रेमधल्या घड्या, मळलेले कनेक्टर आणि हिरव्याला जोडलेले निळे आत्ताच सुधारून घ्या.